क्रीडा सल्ला: बाकावरचे पाच

प्रश्न : मिरजेजवळच्या माध्यमिक शाळेत १७ वर्षांखालील मुलांचा कबड्डी संघ आहे. बारापैकी सात खेळतात. उरलेले पाच महिन्याभरात सरावाला यायचे बंद होतात. काय करावं?

उत्तर : सर, मुलं कंटाळत नाहीत, त्यांना आपलं काम काय तेच माहीत नसतं. ‘तयार राहा’ हे काम नव्हे. प्रत्येकाला एक नेमकी जागा द्या : एक डावा कोपरा, एक उजवा कोपरा, एक मध्यरक्षक, दोन चढाईपटू. त्यातला एक फक्त बोनसचा, म्हणजे बोनस रेषा ओलांडून जादा गुण आणणारा. समोर सहा किंवा सात गडी असतानाच बोनस मिळतो, तेव्हा त्याला कधी उतरवायचं हे आधीच ठरवता येतं.

सरावात ‘अ’ विरुद्ध ‘ब’ संघ लावू नका. ‘ब’ संघ नुसता पकडी सोसत राहतो. रोज वीस मिनिटं संघ मिसळा आणि राखीव कोपरा मुख्य कोपऱ्याच्या साखळीत, म्हणजे हात धरून बचाव करणाऱ्यांत, उभा करा. साखळीत हात कधी सोडायचा हे बाकावर बसून कळत नाही. ऐनवेळी उतरवलेला मुलगा घाईने घोटा धरायला जातो आणि अख्खी फळी उघडी पडते.

सामन्यात दोघांना वहीत नोंद करायला बसवा : कोणता चढाईपटू कुठल्या बाजूने जातो, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर गुण आणावाच लागतो, त्या तिसऱ्या निर्णायक चढाईला कोण येतो. मध्यंतरात त्यांनाच बोलू द्या. आणि दहा-बारा गुणांची आघाडी असेल तर बदली कराच. शेवटच्या मिनिटाला उतरवणं म्हणजे उपकार, तो मुलांना बरोबर कळतो.

पालक विचारतील, त्यांना निवडीचे निकष आधीच सांगून ठेवा.