झटका कुंपणाला तांब्याची तार हवी का?

प्रश्न: कुरणाला सुमारे ७०० मीटरचे झटका कुंपण केले आहे, तार पॉलीवायर. मशीनजवळ हात लावला तर सणसणीत झटका बसतो, पण दूरच्या टोकाला गाई तारेला मान घासत उभ्या राहतात. तांब्याची तार ओढली तर काम होईल का? की ॲल्युमिनियम घ्यावे?

उत्तर: तार बदलायलाच हवी, पण तांब्याची नको. जस्त चढवलेली पोलादी हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारी) तार घ्या. का, ते आकड्यांतच बघू.

पॉलीवायरमध्ये प्लॅस्टिकच्या दोऱ्यांबरोबर केसासारख्या बारीक धातूच्या तारा विणलेल्या असतात आणि वीज जाते ती फक्त त्यांतून. साध्या, स्टेनलेस स्टीलच्या पॉलीवायरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरमागे ४ ओहमच्या आसपास धरा. म्हणजे तुमच्या ७०० मीटरला २८०० ओहम. जनावराचा रोध हिशेबासाठी ५०० ओहम घेऊ. मशीनने ६००० व्होल्ट सोडले, तर त्यातले बहुतेक तारेतच खर्ची पडतात आणि टोकाच्या गाईला मिळतात जेमतेम ९०० व्होल्ट. ती मान घासणारच!

आता हीच लांबी २.५ मिमी पोलादी तारेने केली तर? तिचा रोध किलोमीटरला साधारण ३५ ओहम, म्हणजे तुमच्याकडे २५ ओहमच्या आत. टोकाला ५७०० व्होल्ट पोचतात. तांब्याची तेवढीच जाड तार घेतली तर ५९७० च्या आसपास. तारेला टेकणाऱ्या गवतातून होणारी गळती आणि अर्थिंग यांचा हिशेब यात धरलेला नाही, पण मुद्दा कळतो: पॉलीवायर ते पोलाद ही उडी मोठी आहे, पोलाद ते तांबे हा फरक गाईला समजणारही नाही. शिवाय तांबे मऊ. जनावर रेलले की तार लांबते, झोळ पडतो, आणि चोराच्याही ती लगेच डोळ्यात भरते.

ॲल्युमिनियम वाईट नाही. २.५ मिमी तारेला किलोमीटरमागे ६ ओहमपेक्षा कमी रोध आणि वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश, त्यामुळे ओढायला हलकी. कुंपण कित्येक किलोमीटरचे असेल तर तिचा विचार जरूर करा. पण तीही मऊच. ताण देताना एकदा वाकली की त्याच ठिकाणी पुढे तुटते. ७०० मीटरला तिची गरज नाही.

हाय टेन्साइल तार घेताना जाडीइतकेच जस्ताच्या थराकडे लक्ष द्या. थर पातळ असला की तार आधी गाठी-जोडांपाशी गंजते, आणि गंजलेल्या जोडातून झटका पुढे नीट जात नाही. २.५ मिमी तारेच्या २५ किलोच्या बंडलात सुमारे ६५० मीटर तार निघते, त्यामुळे दोन ओळी करायच्या तर दोन बंडलांवर थोडी तार जास्तीची लागेल. दोन्ही ओळी दोन्ही टोकांना एकमेकींना जोडल्या की रोध निम्मा होतो.

एक चूक वारंवार दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मशीनपासून कुंपणापर्यंत तांब्याची वायर आणायची आणि ती पोलादी तारेला नुसती पिळून टाकायची. ओल लागली की दोन धातूंच्या जोडात जस्त झिजू लागते. अशा जोडावर आधी पांढरी भुकटी दिसते, मग तांबूस गंज, आणि रात्री कान दिला तर टिक-टिक आवाज येतो. तो आवाज म्हणजे तुमचा झटका तिथेच ठिणगीत जळतोय. जोडाला जस्त चढवलेला क्लॅम्पच वापरा आणि नट घट्ट आवळा.

पॉलीवायर फेकून देऊ नका. रोज चराईची पट्टी बदलायची असेल, शे-दीडशे मीटरचा तात्पुरता आडोसा करायचा असेल, तर तिच्यासारखी सोपी गोष्ट नाही. नवीन घेताना पाकिटावर मीटरमागे किती ओहम ते वाचा. आकडा एकपेक्षा बराच खाली असेल तर ती वेगवेगळ्या धातूंच्या तारा मिसळलेली, चांगली. जोडताना नुसती गाठ मारू नका: टोकाचे प्लॅस्टिक सोलून आतल्या तारा एकमेकींना पिळा. वरून दोरी अखंड दिसते, पण आतल्या तारा तुटलेल्या असतात, असे खूपदा होते.

घोड्यांना पातळ तार लवकर दिसत नाही; घोडा भरधाव आला तर तारेने कापला जातो. तिथे पॉलीवायरसारखी विणलेली रुंद पट्टीच बरी.

काटेरी तारेत झटका कधीही सोडू नका. अडकलेले जनावर सुटत नाही आणि पुन्हा पुन्हा झटके खाते. आणि घरातली वीज थेट कुंपणात सोडणे म्हणजे माणसाचा जीव घेणे. झटका मशीन क्षणभराचा ठोका देऊन मधे थांबते, घरची लाइन थांबत नाही.

फाटकाखालून तार न्यायची असेल तर घरगुती वायरिंगची केबल पुरू नका. तिचे आवरण हजारभर व्होल्टचे, झटका पाच-सहा हजारांचा. तो जमिनीतच गळतो. झटका कुंपणासाठीची दुहेरी आवरणाची केबल मिळते, ती पाइपातून न्या. नवी तार ओढूनही टोकाला व्होल्टेज कमी आले, तर आधी गवत कापा आणि अर्थिंगचे रॉड तपासा, मगच मशीन दुरुस्तीला न्या.