'जर्म सेल' म्हणजे जंतुपेशी?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय: भाचीच्या अंडाशयातल्या गाठीच्या रिपोर्टवर 'जर्म सेल ट्यूमर' असं आलंय. कुणीतरी त्याचं 'जंतुपेशींची गाठ' असं मराठी करून दिलं आणि तेव्हापासून घरात 'हे इन्फेक्शन लागलं कुठून' एवढीच चर्चा. हा शब्द बरोबर आहे का?

साफ चूक. लॅटिन 'गेर्मेन' म्हणजे कोंब, अंकुर. रोगाचं बीज म्हणून सूक्ष्मजीवांना 'जर्म' म्हणायला लागले ते नंतर. पिंपळगावचा द्राक्षवाला छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात जे शोधतो, ते इथलं 'जर्म'. ज्यांच्यापासून स्त्रीबीज तयार होतं त्या पेशी म्हणजे जर्म सेल. म्हणून 'जननपेशी' किंवा 'बीजपेशी' म्हणावं. माझं मत बीजपेशीला. बीजांड, बीजकोश हे तिचे भाऊबंद आधीच रुळलेत. (गंमत म्हणजे 'जंतू'ही 'जनन'सारखाच 'जन्' धातूतून आलाय, पण तो अर्थ आता कुणाला आठवतोय!)

बीज म्हटलं की पुढचंही उलगडतं. ज्या पेशीत अख्खा जीव घडवायची ताकद, ती भरकटली तर काहीही घडवते. डर्मॉइड ही अशीच बीजपेशींची एक गाठ. ती कापली की तुपकट पिवळसर ऐवज, त्यात केसांचा गुंता, कधी चक्क दात. मग 'पोरीच्या पोटात केस-दात निघाले' अशी कुजबुज सुरू होते. दिवस राहण्याशी याचा काडीचा संबंध नाही. गाठ तिच्या स्वतःच्याच बीजपेशीतून झालेली असते. काही प्रकारांत तर एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक वाढतं आणि लघवीची चाचणीही पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावरून मुलीला फैलावर घेऊ नये.

'ट्यूमर'साठी 'गाठ'च ठेवा, सरसकट 'कर्करोग' लिहू नका. बीजपेशींच्या गाठींत डर्मॉइड सगळ्यात जास्त आढळते आणि ती बहुतेक वेळा साधी असते. डिसजर्मिनोमा, योक सॅक ट्यूमर हे मात्र कर्करोगच, तेही बहुधा किशोरवयात किंवा विशीत होणारे. योक सॅकमध्ये रक्तातलं एएफपी नावाचं प्रथिन वाढतं. पण या गाठींना केमो चांगली लागू पडते, आणि पुष्कळदा एकाच बाजूचं अंडाशय काढून दुसरं अंडाशय व गर्भाशय राखता येतं.

तेव्हा ताई, रिपोर्टवर 'जर्म सेल'च्या आसपास प्रकाराचं नाव असेल, ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.