डिटर्जंटमधल्या प्रोटीनचं वजन काढताना

अगं, 45 किलोडाल्टनचं (रेणूच्या वजनाचं एकक) मेम्ब्रेन प्रोटीन, म्हणजे पेशीच्या पटलातलं प्रोटीन, आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवर 150 च्या आसपास उतरलं म्हणून लगेच वहीत 'ट्रायमर' (तीन प्रती जोडलेलं) लिहू नकोस. कॉलमला दिसतं ते प्रोटीन आणि त्याला बिलगलेलं डिटर्जंट मिळून. डीडीएम या डिटर्जंटचा नुसता मायसेलच (त्याच्या रेणूंचा गोळा) 70 किलोडाल्टनच्या घरात असतो. इथे बडोद्यातच पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली, तीन महिने गेले.

खरं वजन हवं तर कॉलमपाठोपाठ लाइट स्कॅटरिंग (प्रकाशाचं विखुरणं), यूव्ही (अतिनील प्रकाशाचं शोषण) आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक), तिन्ही मोजावे लागतात. 280 नॅनोमीटरला प्रोटीन प्रकाश शोषतं, डीडीएम जवळपास नाहीच. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्समध्ये मात्र दोन्ही दिसतात. त्या फरकातूनच दोघांचा वाटा वेगळा निघतो.

सध्या एवढं सांभाळ:
- कॉलमच्या बफरमध्येही डिटर्जंट सीएमसीच्या (ज्या प्रमाणापासून मायसेल बनायला लागतात) वर हवं. डीडीएमची सीएमसी साधारण 0.009 टक्के, तू 0.02 ठेव.
- जेलचा नमुना उकळू नकोस, जेलच्या वेलमध्येच (खाचेतच) गोळा होऊन बसतो. 37 अंशांवर अर्धा तास पुरे.
- बफर कॉलममधून रात्रभर चालू दे. डिटेक्टरची बेसलाइन सपाट झाल्याशिवाय इंजेक्शन नाही.

बाकीची गणितं नंतर. उद्या आधी बीएसए, म्हणजे वजन माहीत असलेलं प्रोटीन, चालव. 66 किलोडाल्टन आलं की मग तुझं प्रोटीन घाल.