पुण्याहून आई-वडिलांना घेऊन विशाखापट्टणम पाच दिवसांत कसं बघावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरच्या सुट्टीत आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन पुण्याहून विशाखापट्टणमला जायचंय. वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात. हातात पाच दिवस आहेत, यादीत सतरा ठिकाणं आहेत, आणि यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं हा प्रश्न आहे.

मी नोकरीनिमित्त तिथे साडेतीन वर्षं राहिलो. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना फिरवण्याचं काम माझ्याकडेच असायचं, आणि पहिले पाहुणे माझेच आई-वडील होते. त्यांच्या वेळी माझं जे चुकलं ते तुमच्या यादीत जसंच्या तसं दिसतंय: सकाळी उत्तर टोकाची भीमिली, संध्याकाळी दक्षिणेच्या यारडा किनाऱ्यावर सूर्यास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गावाची ठेवण समजून घ्या. पूर्वेला समुद्र, उत्तरेला कैलासाची डोंगररांग, दक्षिणेला यारड्याची, आणि या दोघींच्या मधल्या खोलगट जागेत शहर. दक्षिणेकडच्या रांगेचं टोक थेट समुद्रात घुसलंय, त्याला डॉल्फिन्स नोज म्हणतात. रामकृष्ण बीचवर, म्हणजे सगळे ज्याला आरके बीच म्हणतात तिथे उभं राहिलं की हे टोक अगदी समोर दिसतं. यारडा त्याच्या पलीकडे. बघणाऱ्याला वाटतं, दहा मिनिटांत पोचू. पण मध्ये बंदरात शिरणारी खाडी आहे. रस्ता बंदराला पूर्ण वळसा घालतो, कंटेनर आणि टँकरच्या गर्दीतून सिंधिया भागात येतो, मग घाट चढतो आणि पलीकडे उतरतो. आम्ही भीमिलीहून परत येऊन, जेवून, साडेतीनला निघालो. घाटात आईला उलट्या झाल्या. पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते, किनाऱ्यावर डोंगराची सावली पसरली होती आणि लोक परतायला लागले होते. वडील गाडीतून उतरलेच नाहीत. त्या दिवशी सहा-सात तास त्यांनी गाडीत काढले आणि दुसरा पूर्ण दिवस खोलीवर.

आपल्याला कोकणाची सवय असते. दिवेआगर असो, गुहागर असो, समुद्र म्हणजे संध्याकाळ, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे उलटं आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो. शिवाय हे गाव आपल्यापेक्षा साडेनऊ रेखांश पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य पुण्यापेक्षा जवळजवळ ४० मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो. पुण्याच्या हिशेबाने नऊला आवरून बाहेर पडाल तर दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग झोपेत गेलेला असेल. माझं कळकळीचं सांगणं एवढंच: पहाट समुद्राला द्या, दुपार विश्रांतीला, आणि तीन ते साडेपाच एखाद्या टेकडीला. एका दिवसात उत्तर आणि दक्षिण दोन्ही टोकं गाठू नका. हे दोन नियम पाळले तर वडिलांचे गुडघे आणि मुलीचा उत्साह दोन्ही टिकतील. यारडा यादीतून सरळ काढून टाका.

राहायला आरके बीचच्या जवळ बघा. पांडुरंगपुरम नावाचा भाग अगदी किनाऱ्यालगत आहे, नुसत्या नावानेच तुमच्या आईला बरं वाटेल. मात्र खोली घेण्याआधी विचारून घ्या की हॉटेल मुख्य रस्त्यावर आहे की चढावरच्या गल्लीत. इथल्या काही गल्ल्या इतक्या उभ्या आहेत की रिक्षासुद्धा दम खाते. किनाऱ्याजवळ राहण्याचा खरा फायदा पहाटेचा. सहाच्या आधी चालत समोर जायचं आणि कट्ट्यावर बसायचं. बीच रोडचा तो पट्टा पहाटे वाहनांना बंद असतो, त्यामुळे म्हातारी माणसं रस्त्याच्या मधूनसुद्धा निवांत चालतात. बंदरात शिरायची वाट बघणारी जहाजं क्षितिजावर दिवे लावून उभी असतात आणि त्यांच्या मागून सूर्य वर येतो. माझे वडील बाकी सगळं विसरले, ही सकाळ विसरले नाहीत.

ती जहाजं दिसली की वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. डॉल्फिन्स नोजच्या आडोशाला जी मोठी गोदी आहे, आजची हिंदुस्तान शिपयार्ड, ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केली. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने आहे, तेच. १९४१ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि १९४८ मध्ये 'जलउषा' हे इथे बांधलेलं जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. वालचंदांच्या कंपनीचं नाव सिंधिया स्टीम नेव्हिगेशन, म्हणून त्या भागाला अजून सिंधिया म्हणतात. तुमची गाडी सोलापूरवरूनच जाणार आहे, तेव्हा गोष्ट तिथूनच सुरू करता येईल.

पहिला दिवस आरके बीचच्या आसपास काढा. कुरसुरा पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे, लांबी ९१ मीटर. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी १९६९ मध्ये नौदलात आली आणि २००१ मध्ये निवृत्त झाली. आत टॉर्पेडोच्या नळ्या, खलाशांच्या एकावर एक झोपायच्या जागा, सगळं जागच्या जागी आहे. तुमची मुलगी इथून लवकर बाहेर येणार नाही. वडिलांसाठी मात्र विचार करा. आतले दरवाजे अरुंद आहेत, वाकून आणि पाय उचलून जावं लागतं, मागून रांग पुढे ढकलत असते. समोरच टीयू-१४२ हे नौदलाचं टेहळणी विमान आहे, तिथे त्यांना जास्त सोपं जाईल. सोमवारी पाणबुडी बंद असते आणि एरवी दुपारनंतर उघडते. त्यामुळे पहाट किनाऱ्यावर, मग नाश्ता आणि झोप, मग पाणबुडी, असा क्रम आपोआप जुळतो.

दुसरा दिवस उत्तरेचा, भीमिलीच्या रस्त्याचा. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, साधारण २५ किलोमीटर. जाताना तोट्लकोंडा चुकवू नका. कोंडा म्हणजे डोंगर, हा शब्द इथे पावलोपावली भेटेल. गाडी वरपर्यंत जाते आणि वर जवळपास सपाट आहे. तिथे बौद्ध विहाराचे अवशेष आहेत: स्तूपाचा गोल चौथरा, भिक्षूंच्या खोल्यांची जोती, खडकात खोदलेली पाण्याची टाकी. उत्खननात सातवाहनांची नाणी आणि रोमन चांदीची नाणी सापडली. जुन्नरची लेणी आणि नाणेघाट पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. तिकडे तो घाट चढून माल पश्चिम किनाऱ्यावर जात होता, इकडे त्याच राजांची नाणी पूर्व किनाऱ्यावरच्या टेकडीवर निघतात. मला ही जागा शहरातल्या कुठल्याही बागेपेक्षा मोलाची वाटते आणि तिथे गर्दीही नसते. भीमिलीत डचांची जुनी दफनभूमी आणि दीपगृह आहे. गोस्तनी नदी तिथे समुद्राला मिळते, तेवढं लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे. परतताना चारच्या सुमारास कैलासगिरी. वर गाडीरस्ता आहे, रोपवेही आहे, मुलीसाठी छोटी आगगाडी आहे. दक्षिणेकडच्या कठड्यावरून सगळा किनारा पार डॉल्फिन्स नोजपर्यंत एका नजरेत दिसतो. यारड्याला न गेल्याची चुटपुट तिथेच संपेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. इथे समुद्रात उतरू नका. आरके बीचवर तर नाहीच. काठापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. दिवेआगरच्या उथळ पाण्यात खेळलेल्या मुलीला हा फरक कळणार नाही. ऋषिकोंडा किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, तिथे त्यांच्यासमोर पाय भिजवू द्या, तेही हात धरून.

तिसरा आणि चौथा दिवस डोंगरातल्या अराकू खोऱ्याला द्या, एक रात्र मुक्काम करून. बरेच जण एका दिवसात जाऊन येतात, पण पहाटे निघून रात्री परतणं तुमच्या वडिलांना झेपणार नाही. जाताना किरंदुलला जाणारी रेल्वेगाडी घ्या. ती सकाळी सातच्या आत सुटते, तिला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा असतो, त्याचं आरक्षण आधी करा. हा मार्ग बैलाडिल्याच्या खाणींतलं लोहखनिज बंदरावर आणण्यासाठी साठच्या दशकात बांधला गेला. बोगद्यामागून बोगदे येतात आणि मध्येच दरी उघडते. खंडाळ्याचा घाट रोज पाहिलेले आपण, तरी इथे बोलणं थांबतं. गाडीवाल्याला रस्त्याने पुढे अराकू स्टेशनवर बोलवा आणि दुसऱ्या दिवशी मोटारीने घाट उतरा. उतरताना गालीकोंड्याचा कठडा लागतो, सिल्व्हर ओकच्या सावलीतले कॉफीचे मळे लागतात, त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. इथल्या अरेबिका कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डिसेंबरच्या सुरुवातीला गेलात तर पिवळ्याधमक फुलांची शेतं दिसतील. लोक फोटो काढत सुटतात. आईंना सांगा, हे आपलं कारळं आहे, चटणीचं. रात्री थंडी चांगलीच असते, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

बोर्रा गुहा याच वाटेवर आहेत. चुनखडीच्या गुहा, तोंड इतकं मोठं की आत शिरताना माणूस ठिपक्याएवढा दिसतो. आत लवणस्तंभ आहेत, आणि ज्या पाण्याने ही गुहा कोरली ती गोस्तनी, भीमिलीला समुद्राला मिळताना पाहिलेली तीच नदी. वर चरणारी गाय छताच्या भोकातून आत पडली, तिला शोधताना गुराख्याला शिवलिंग सापडलं, अशी कथा सांगतात. पण पायऱ्या पुष्कळ आहेत आणि त्या ओल्या असतात. वडिलांनी वरच्या भागातूनच पाहावं, तिथूनही अर्धी गुहा दिसते. आई-मुलीने खाली जावं.

पाचव्या दिवशी सिंहाचलमचं डोंगरावरचं देऊळ. वरपर्यंत वाहन जातं, पायऱ्या चढायची गरज नाही. वराह-नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते, फक्त अक्षय्य तृतीयेला मूळ रूपाचं दर्शन होतं. त्या दिवशी प्रचंड गर्दी असते, तुम्ही डिसेंबरात जाताय हे चांगलं. कृष्णदेवरायाचा १५१६ चा शिलालेख तिथे आहे. सकाळी लवकर गेलात तर अकरापर्यंत परत याल. प्राणिसंग्रहालय, मॉल वगैरे तुमच्या यादीत आहे, ते मी गाळलं असतं.

खाण्याची काळजी नको. पेसरट्टू म्हणजे हिरव्या मुगाचं घावन, आल्याच्या चटणीबरोबर. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी. तिखट मात्र आपल्या अंदाजापेक्षा जास्त असतं, म्हणून मागवतानाच 'कारम तक्कुव' म्हणा, म्हणजे तिखट कमी. शहरात हिंदी चालते.

महिना तुम्ही योग्य निवडलाय. आपल्याकडे पुष्कळ कुटुंबं दिवाळीच्या सुट्टीत निघतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्या किनाऱ्यावर पाऊस आणि वादळांचा काळ. हुदहुद वादळ १२ ऑक्टोबर २०१४ ला याच शहरावर आदळलं होतं. डिसेंबरातही निघायच्या आठवड्यात हवामानाचा अंदाज बघत राहा. सुट्टी पुढे सरकली तर संक्रांतीचा आठवडा टाळा, आंध्रात तो सगळ्यात मोठा सण, गाड्यांना जागा मिळत नाही.

पुण्याहून थेट कोणार्क एक्सप्रेस आहे. संध्याकाळी निघते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचवते. विमानाने हैदराबादला बदलून जाता येतं, पण गुडघ्यांना विमानतळावरच्या चालण्यापेक्षा गाडीतली खालची बर्थ बरी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करा. दुसरी कुठली गाडी घेतलीत तर ती विशाखापट्टणम स्टेशनात जाते की नुसती दुव्वाडाला थांबते हे तपासा. काही गाड्या शहरात न शिरता दुव्वाड्यावरून परस्पर पुढे जातात, आणि तिथून सामानासकट किनाऱ्यापर्यंत येणं वेळखाऊ आहे.

तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा. पाणबुडी बंद असण्याचा सोमवार तुमच्या कुठल्या दिवशी येतोय ते पाहून पहिला आणि दुसरा दिवस अदलाबदल करून देतो.