क्लेम्सला पोस्टिंग मिळालंय? वाचा

क्लेम्स, म्हणजे विम्याचे दावे निकाली काढणारं खातं, मिळालं म्हणून तोंड पाडू नकोस. आयुर्विम्याचा धंदा कळतो तो तिथेच. मृत्यूदावा टेबलावर आला की आधी तारखा बघ. पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, रिव्हायव्हलची, म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू झाल्याची. यातल्या शेवटच्या तारखेला तीन वर्षं उलटली असतील, तर विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पॉलिसीवर आक्षेपच घेता येत नाही. मग हॉस्पिटलचे जुने कागद मागवून दावा करणाऱ्या बाईला विरारहून चर्चगेटला खेपा कशाला? नॉमिनीच्या नावात माहेर-सासरचा घोळ असतोच. कुठला कागद लागेल ते एकदाच, लिहून सांग.

मार्चमध्ये लवकर घरी जायचं विसर. आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूटचे लायसेन्शिएटचे, म्हणजे पहिल्या पायरीच्या परीक्षेचे, पेपर आत्ताच उरकून टाक, लग्नानंतर पुस्तक हातात धरवत नाही.