हायस्कूलच्या मुलांना पैशाचे व्यवहार शिकवायचे आहेत; सुरुवात बचतीपासून करावी की बँकेच्या कामकाजापासून?

माझ्या मते दोन्हीपासून नको. मी काही वर्षं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हा विषय शिकवते आहे. खातं, धनादेश, विमा यांच्या व्याख्या मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. स्वतःच्या हातून चुकलेला हिशोब मात्र विसरत नाहीत.

म्हणून पहिल्या तासाला मी वर्गाचे दोन गट करून चिठ्ठ्या वाटते. एका गटाच्या चिठ्ठीत असतं : तुम्ही १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घेताय, वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुकानात तोच १० डॉलरला आहे, जाल का? दुसऱ्या गटाला तोच प्रश्न, फक्त किंमत १२५ आणि तिकडे १२०. हात वर करायला लावून आकडे फळ्यावर मांडते आणि मगच दोन्ही चिठ्ठ्या मोठ्याने वाचते. पहिल्या गटात बहुधा जास्त हात वर येतात. वाचणारे डॉलर दोन्हीकडे पाचच आणि वेळही तेवढाच, हे लक्षात आलं की वर्ग एकदम शांत होतो. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हाच प्रश्न लोकांना विचारला होता, तेव्हा स्वस्त वस्तूसाठी ६८ टक्के लोक जायला तयार झाले, महागासाठी २९ टक्केच.

इथे एक जपा. ‘जाणं’ हे बरोबर उत्तर आहे, असं सांगू नका. एक मुलगा म्हणाला होता, मला चालायला आवडतं, मी दोन्ही वेळा जाईन. दुसरी म्हणाली, माझी वीस मिनिटं पाच डॉलरपेक्षा मोलाची, मी कधीच जाणार नाही. दोघंही बरोबर. फक्त मूळ किंमत बदलली म्हणून उत्तर बदलू नये, एवढंच.

त्यानंतर कर्ज. १०,००० वर दरमहा ३ टक्के व्याज, वर्षभर काहीच फेडलं नाही तर किती होतील? बहुतेक जण १३,६०० सांगतात. दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवत एकेक महिना वहीत मांडायला लावा, उत्तर १४,२५८ येतं आणि दोन वर्षांत रक्कम दुपटीच्या वर जाते. रक्कम साधारण किती महिन्यांत दुप्पट होईल हे काढायला ७२ ला महिन्याच्या व्याजदराने भागायची युक्ती त्यानंतर सांगा, आधी नको.

घरचा जमाखर्च मात्र कधीही लिहून आणायला सांगू नका. मी एकदा सांगितला होता. एका मुलीने कोरी वही दिली आणि पुढचे दोन तास ती आलीच नाही. घरात त्या महिन्यात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तेव्हापासून मी काल्पनिक कुटुंबं देते, उत्पन्न आणि अडचणी सगळं मीच ठरवून. मुलं त्यावर मोकळेपणाने भांडतात, आणि कोणाला स्वतःच्या घराबद्दल बोलायचंच असेल तर तास संपल्यावर आपणहून येऊन बोलतात.