सासूबाईंचा रिपोर्ट आणि रविवारचं चिकन

प्रश्न : सासूबाईंना लघवीचा संसर्ग झाला. कल्चर रिपोर्टमध्ये ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू निघाला आणि यादीतल्या निम्म्याहून अधिक औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू नाही). दीर म्हणतात, ब्रॉयलरला टोचलेली औषधं आपल्या पोटात जातात, म्हणून गोळ्या लागू पडत नाहीत. चिकन बंद करू का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : ताई, तुमच्या दिरांनी दोन गोष्टींची खिचडी केली आहे. मांसात उरलेला औषधाचा अंश वेगळा आणि औषधाला न जुमानणारा जिवंत जंतू वेगळा. रिपोर्टमधला ‘आर’ हा शेरा सासूबाईंच्या शरीराला नाही, त्या जंतूला मिळालाय. ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू) असलेल्यांपैकी कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. घरातली उरलेली स्ट्रिप तेवढी काढू नका.

आता कोंबडीकडे येतो. पशुवैद्य म्हणून माझी उमेदीची वर्षं मुरबाड-शहापूरच्या शेडमध्ये गेली. भाताच्या तुसावर हजारो पिल्लं, चाळीसेक दिवसांत दोन किलोची. करारावरच्या शेतकऱ्याची शेड आणि मेहनत. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. चार पक्षी शिंकायला लागले की अँटिबायोटिकची पावडर थेट पाण्याच्या टाकीत. इथेच गोम आहे. आजारी पक्षी मान टाकून बसतो, पाणी पीतच नाही. धडधाकट पक्षी मात्र पोटभर औषध पितात. त्यांच्या आतड्यातले नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात आणि मोकळ्या जागेत फोफावतात. मानमोडी तर विषाणूचा रोग, त्यावर अँटिबायोटिक काय करणार? तिथे वेळेवर दिलेली लसच उपयोगाची. पण लस चुकली की अँटिबायोटिकचा डबा उघडायचा, ही रीतच पडून गेली होती.

कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. आयसीयूत बाकी सगळं थकल्यावर काढायचं हे औषध, आणि आपल्याकडे कोंबडीचं वजन वाढावं म्हणून खाद्यात जात होतं! जंतूला त्याच्यापासून वाचवणारं एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये डुकरांच्या ई. कोलायमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. उशिरा, पण घातली.

सासूबाईंचा जंतू कोंबडीतूनच आला का, ते या रिपोर्टवरून कळणार नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या आणायच्या आणि बरं वाटलं की सोडायच्या, ही माणसांची सवयही तितकीच नडते.

चिकन बंद करायची गरज नाही. औषधाला न जुमानणारा जंतू आचेलाही जुमानत नाही असं नाही. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस गाठलं की तोही मरतो. थर्मामीटर नसेल तर मांडीच्या हाडालगत बघा, तिथे कच्चं राहतं. दही-हळद-लिंबू लावून रात्रभर ठेवल्याने किंवा फ्रीजरमध्ये टाकल्याने जंतू मरत नाहीत. खरा घोळ होतो ओट्यावर. नळाखाली धो-धो धुतलं की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर. त्याच सुरीने, त्याच पाटावर काकडी चोचवली की ती कोशिंबीर कच्चीच पोटात जाणार. चिकनचा पाट वेगळा ठेवा, ते धुवायच्या भानगडीत पडू नका, आणि मिठाच्या डब्यात हात घालण्याआधी साबण लावा.

प्रश्न : ‘अँटिबायोटिक-फ्री’ लिहिलेलं महाग चिकन किंवा गावठी कोंबडी घेतली तर ही कटकट टळेल ना? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर : नाही. लेबल औषधाबद्दल बोलतं, जंतूबद्दल नाही. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाब करणारे जंतू गावठीच्या आतड्यातही असतात, आणि दुकानातला ओंडका सगळ्या कोंबड्यांना एकच. परवडत असेल तर घ्या. शेडमध्ये औषध कमी वापरणाऱ्याला चार पैसे मिळालेले मला आवडतील. शिजवायचं मात्र तितकंच.